याला काही करावं लागत नाही

‘याला काही करावं लागत नाही हो!’ हे वाक्य ज्याच्या तोंडी दिवसातून दहादा येतं, तो माणूस दिवसभर त्याचंच काहीतरी करत असतो असं खुशाल समजावं. कॅक्टसवाल्या जमातीचं हे ब्रीदवाक्य आहे. गुलाबवाला आपल्या कष्टांचं रडगाणं गातो, बोन्सायवाला त्यांची बढाई मारतो. कॅक्टसवाला मात्र असे काही कष्ट झालेच नाहीत, असं शपथेवर सांगतो. सांगताना त्याच्या डाव्या हातात चिमटा असतो, उजव्या हाताच्या दोन बोटांना सेलोटेप चिकटवलेली असते, आणि पाठीवर, त्याला स्वतःला दिसणार नाही अशा जागी, बनियनला काट्यांचा एक गोळा लटकत असतो.

ही जमात आता गावोगाव झाली आहे, पण अस्सल नमुना पाहायचा तर त्र्यंबकेश्वरला यावं. सोलापूरकडे निवडुंग वाढवण्यात कसला आलाय पुरुषार्थ? तिथे तो न लावताही येतो. त्र्यंबकात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. तीसेक किलोमीटरवरच्या नाशिकच्या दुपटीहून जास्त. जून ते सप्टेंबर ब्रह्मगिरी दिसत नाही, तो तिथे आहे असं मानून चालावं लागतं. पापडांना, काडेपेटीला, अंथरुणाला आणि माणसांच्या बोलण्याला ओल येते. जिथून गोदावरी निघते तिथे बसून मेक्सिकोच्या वाळवंटातली झाडं जगवायची, याला छाती लागते. आमच्या आळीतल्या अशा एका गृहस्थांना पोरं काटेकाका म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथेच असू दे.

काकांचं घराणं उपाध्यांचं. थोरले बंधू खालच्या मजल्यावर राहतात. कालसर्प, त्रिपिंडी, नारायण नागबली, सगळं त्यांच्याकडे. यजमानांची उतरण्याची आणि जेवणाची सोयही तिथेच. काका मात्र नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये लागले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर गच्चीवर चढले, ते अजून जेवणाखेरीज खाली उतरलेले नाहीत. लहानपणी वडिलांनी रुद्राची संथा दिली होती. ती नोकरीत पुसली गेली, पण जिभेचं वळण राहिलं. ‘जिम्नोकॅलिशियम मिहानोव्हिची’, ‘मॅमिलारिया इलाँगाटा’, ‘इकायनोकॅक्टस ग्रुसोनी’ ही नावं ते स्वर सांभाळून, एका श्वासात म्हणतात. खालून बंधूंचं नमक-चमक आणि वरून काकांचं लॅटिन एकदम सुरू झालं की नवख्या यजमानाला वाटतं, वरच्या मजल्यावर वेदाची दुसरी शाखा बसली आहे.

सुरुवात माकडांनी केली. पूर्वी ही गच्ची काकूंची होती. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा आणि हौसेचं एक डाळिंब. त्र्यंबकात माकडं हाकलणं हे नाजूक काम आहे. पलीकडे अंजनेरी. हनुमानाचा जन्म तिथलाच, अशी इथली श्रद्धा. २०२२ साली किष्किंधेच्या बाजूने वेगळा दावा आला तेव्हा नाशकात महंतमंडळींची चांगलीच जुंपली होती. त्यामुळे माकडावर काठी उगारणाऱ्याला आधी इकडेतिकडे बघून घ्यावं लागतं. माकडांनी डाळिंब कच्चं असताना खाल्लं, जास्वंदीच्या कळ्या खाल्ल्या आणि गवती चहा नुसताच उपटला. तो आपल्याला आवडत नाही याची खात्री करायला पुन्हा उपटला. कोपऱ्यात प्रेसमधल्या एका मित्राने दिलेला गोल कॅक्टस पडून होता. एका दुपारी एका दांडगट हुप्प्याने तो फळ समजून दोन्ही हातांनी उचलला. पुढचं काकू सांगतात, कारण काका तेव्हा घोरत होते. हुप्प्याने एक हात सोडवला तो दुसऱ्याच्या मदतीने, मग दुसरा सोडवायला तोंड लावलं, आणि मग जो आवाज केला तो ऐकून खालच्या मजल्यावरचे यजमान संकल्प अर्धा सोडून अंगणात आले. त्यानंतर माकडांनी त्या कोपऱ्यापुरता रस्ता बदलला.

‘बघ, याला काही करावं लागत नाही,’ असं काका त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले. तेव्हा ते खरंही होतं. तेव्हा एकच झाड होतं.

आता चारशेच्या आसपास आहेत. ‘आसपास’ म्हणायचं कारण, नक्की आकडा काका काकूंना सांगत नाहीत आणि काकू मोजायला जात नाहीत, कारण मोजायला वाकावं लागतं आणि वाकलं की पाठीमागेही कॅक्टस असतो. बरीचशी मंडळी काळिंपोंगहून आली. दार्जिलिंगकडच्या या गावातल्या रोपवाटिका या छंदात नावाजलेल्या. झाड येतं ते बिनमातीचं, उघड्या मुळांचं, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून. पार्सल आलं की काका आधी खोक्यावरची किंमत खोडतात, मग खोकं उघडतात. काकूंना हे ठाऊक आहे. काकूंना हे ठाऊक आहे हे काकांनाही ठाऊक आहे. संसार यावरच चालतो.

एकदा काका काकूंना हरिद्वारला घेऊन गेले. गंगास्नान झालं, आरती झाली, आणि परतीची गाडी चंदीगडवरून का, हे काकूंना पंचकुलाला उतरल्यावर कळलं. तिथे १९८७ साली उभारलेली राष्ट्रीय निवडुंग बाग आहे, चांगली सात एकरांची. काका तिथे प्रत्येक वाफ्यापुढे अशा मुद्रेने उभे राहिले की मागच्या माणसालाही आपोआप रांगेत उभं राहावंसं वाटलं. घरी आल्यावर काकूंनी यात्रेचा वृत्तांत एका वाक्यात दिला: ‘सात एकर जागा, आणि टेकायला एक ठिकाण धड नाही.’

कुंडीत माती घालतात, हा आपला सगळ्यांचा गैरसमज. काकांच्या कुंडीत माती मीठ घालावं तेवढी. बाकी वाळू, विटेचा चुरा, लाकडी कोळशाचे तुकडे, जुनं शेणखत आणि कच. हे सगळं चाळायला काकूंची पुरणाची चाळण गेली, मग रव्याची गेली, मग पिठाची. आता त्या घरात कणीक न चाळता मळतात. सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघाली तेव्हा सगळं त्र्यंबक धुळीने वैतागलं होतं. काका मात्र पिशवी घेऊन खडीच्या ढिगाशी उभे. मुकादमाला वाटलं, कामाच्या दर्जाची तपासणी करायला कुणी साहेब आलाय. त्याने चहा मागवला. काकांनी चहा घेतला, खडी हातात घोळवली, ‘धुऊन घ्यायला पाहिजे’ असा शेरा मारला आणि दोन किलो घेऊन घरी आले.

पाणी घालणं सोपं आहे. पाणी न घालायला जे लागतं, ते काकांकडे पाहून कळतं. रोज सकाळी सातला ते एकेक कुंडी उचलून हातावर तोलतात. हलकी लागली की डोळे मिटून विचार करतात. मग बांबूची काडी खडीत खुपसून बाहेर काढतात, गालाला लावून ओल पाहतात, आणि ‘अजून नको’ म्हणून कुंडी खाली ठेवतात. मग पुढची. असं करत नऊ वाजतात. दोन तासांत चार झाडांना मिळून एक पेलाभर पाणी पडतं. खालून वहिनी विचारतात, ‘झालं का हो पाणी घालून?’ काका वरून सांगतात, ‘छे, याला कुठे काय घालावं लागतं!’

या झाडांची श्वास घेण्याची तऱ्हाही काका आल्यागेल्याला समजावतात. इतर झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात. कॅक्टसला ते परवडत नाही, उन्हात पाणी उडून जाईल. म्हणून तो दिवसभर सगळी दारं बंद ठेवतो, रात्री गारव्यात उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचं अन्न करतो. ‘दिवसभर तोंड मिटून असतो,’ काका कौतुकाने सांगतात. काकू चहाचे कप ठेवताना ‘चांगली सवय आहे’ एवढंच म्हणतात.

पाहुण्यांना गच्चीवर प्रवेश आहे, स्पर्श नाही. देवळाच्या गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय जाऊ देत नाहीत, तसंच इथे. त्यातून इचेव्हेरिया नावाची काटे नसलेली, जाड पानांची मंडळी आहेत, त्यांच्या पानांवर पांढुरकी भुकटी असते. ती त्यांची उन्हापासूनची राखण, आणि एकदा पुसली गेली की त्या पानावर पुन्हा येत नाही. काका तिला भस्म म्हणतात. एका लहान मुलीने तिथे बोट लावलं, तर काका ओरडले नाहीत. नुसते बसले. मुलीच्या आईलाच रडू आलं.

आणि मग जून लागतो.

मृगाचा पहिला थेंब पडला की त्र्यंबकातले शेतकरी आभाळाकडे बघून हात जोडतात, काका आभाळाकडे बघून मुठी आवळतात. एप्रिलपासून तयारी चाललेली असते. गच्चीवर पारदर्शक पत्रे आहेत, पत्र्यांवर ताडपत्री आहे, ताडपत्रीवर दगड आहेत, दगडांना दोऱ्या आहेत. ब्रह्मगिरीवरून वारा उतरला की हा सगळा डोलारा होडीगत शिडं फुगवून निघतो. पाऊस वरून पडला तर बंदोबस्त करता येतो, पण आमच्याकडे तो आडवा येतो, खालून येतो, आणि कधीकधी तर नुसता हवेत उभा असतो. धुकं गच्चीत शिरतं आणि तासन्‌तास बसून राहतं. त्याला जा म्हणता येत नाही. काका रात्री दोनला उठतात. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात टेबलफॅन. गेल्या काही वर्षांत केस सुकवायचं यंत्रही आलं आहे. घरात ते आलं तेव्हा काकूंना क्षणभर वाटलं, आपल्यासाठीच. काकांच्या डोक्यावर तर केस नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काका ‘म्हातारा कॅक्टस’ म्हणतात त्या पांढऱ्या लोकरीच्या खांबाला गार हवा देत होते, मधूनमधून बोटांनी भांग पाडत.

आर्द्रा लागल्या की काका हार मानतात आणि चारशेच्या चारशे खाली येतात. चार महिने माणसं त्या घरात परकी होतात. दिवाणखान्यात कोचावर कुंड्या, टीव्हीपुढे कुंड्या. बातम्या दिसतात, पण निवेदिकेच्या हनुवटीखाली एक हिरवी दाढी असते. स्वयंपाकघरात फ्रिजवर, न्हाणीघराच्या खिडकीत, देवघराच्या पायरीवरसुद्धा. देव तेवढे काकूंनी राखले. काकांनी बाळकृष्णाच्या मागे एक छोटा मॅमिलारिया सरकवला होता, तो काकूंनी ताम्हनात घालून परत केला. पाहुणा आला की काका म्हणतात, ‘बसा ना, संकोच कसला!’ पाहुणा कुठे बसावं हे शोधत असतो. सोनेरी काट्यांचा मोठा गोल कॅक्टस, गोल्डन बॅरल, ज्याला इंग्रजीत सासूबाईंचं आसनही म्हणतात, नेमका दारासमोरच्या स्टुलावर असतो. काकांच्या सासूबाई हयात होत्या तोवर पावसाळ्यात मुलीकडे येत नसत. काकांच्या हे फार उशिरा लक्षात आलं. काकू म्हणतात, मुद्दाम उशिरा.

काट्यावरून घरात शास्त्रार्थ नेहमीचा. वास्तूत काटेरी झाड ठेवू नये, घरात भांडणं होतात, असं वहिनींचं म्हणणं. काका म्हणाले, ‘कॅक्टस नव्हते तेव्हा आम्ही भांडत नव्हतो का?’ काकू म्हणाल्या, ‘तेव्हा विषय वेगवेगळे असायचे.’ पण काका पडले उपाध्याच्या घरातले. प्रमाणं त्यांच्याकडेही आहेत. ‘महादेवाला धोत्र्याचं फळ चालतं ना? त्याला काय मऊ लव असते? आणि या क्षेत्री गोहत्या घडली ती कशाने? गौतम ऋषींनी गाय हाकलायला गवताची काडी फेकली, त्या काडीने! गंगा खाली आणावी लागली ती गवतापायी. आमच्या निवडुंगावर आजवर एकही आळ नाही.’ यावर थोरले बंधू म्हणाले, ‘मुद्दा बिनतोड आहे, पण तू तो यजमानांसमोर मांडू नकोस.’

या वादात शेजारच्या मामींचं ब्रह्मकमळ ओढलं गेलं, ते फार वाईट झालं. दर श्रावणात मामींकडे रात्री दहाला ब्रह्मकमळ उमलायला लागतं. मामी आळीला बोलावणं करतात. लेकरं झोपेतून उठवून आणतात, कुंडीला हळदकुंकू होतं, पेढे होतात, मोबाइल उंच धरले जातात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला ब्रह्मकमळ, म्हणजे साक्षात देवच आले, असं मामी म्हणत असताना गर्दीतून काकांचा आवाज आला, ‘मामी, हा कॅक्टस आहे.’ शांतता पसरली. काकांना वाटलं, लोकांना ऐकायचंय. म्हणून त्यांनी सविस्तर सांगितलं: खरं ब्रह्मकमळ हिमालयात फार उंचावर होतं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. हे आपलं घरोघरचं मध्य अमेरिकेतलं, तिथे झाडांच्या फांद्यांवर वाढणारं निवडुंग. तुम्ही पान म्हणता ते पान नाहीच, चपटं खोड आहे. ‘म्हणजे तुमच्याकडे इतकी वर्षं कॅक्टस आहे, मामी, आणि घरात भांडण नाही!’ हे वाक्य त्यांनी अभिनंदनाच्या सुरात म्हटलं होतं. घरी येताच काकूंनी पहिलं भांडण केलं. मामींनी झाड ठेवलं. काकांना मात्र पेढा मिळणं त्या वर्षापासून बंद झालं.

थोर वेगळा आणि कॅक्टस वेगळा, हा काकांचा आवडता पाठ. काट्याच्या बुडाशी लव असलेली बारीक गादी दिसली तर कॅक्टस. ती नसेल आणि खरचटल्यावर पांढरा चीक भळभळा आला तर आपला थोर किंवा त्रिधारी निवडुंग. ही मंडळी एरंडाच्या कुळातली, इथलीच. कॅक्टसचं कूळ मात्र एखादा अपवाद सोडला तर सगळं अमेरिकेचं. बांधावरचा, कुंपणावरचा फड्या निवडुंगसुद्धा परदेशी, हे ऐकून गावाकडच्या माणसाचा विश्वास बसत नाही. त्याची कहाणी काका रंगवून सांगतात. लाल रंग देणारा किडा या निवडुंगावर पोसला जातो, त्या रंगावर स्पेनची मक्तेदारी. ती मोडायला कंपनी सरकारने १७९५ साली ब्राझीलहून किडे मागवले. आले ते नेमके हलक्या जातीचे. रंग काही धड मिळाला नाही, किड्यांनी निवडुंग मात्र फस्त केला. पुढे निवडुंगाची दुसरी जात मोकाट सुटली, शेतं आणि चराऊ रानं गिळू लागली, तेव्हा १९२६ साली सिलोनहून त्या किड्याचा भाऊबंद मुद्दाम आणून सोडला. थोड्या वर्षांत निवडुंगाची रानंच्या रानं आडवी झाली. गोष्ट संपते तिथे काकांचा आवाज खाली येतो, कारण त्याच नात्यातला पांढरा पिठ्या ढेकूण त्यांच्या गच्चीवरही फिरत असतो. तो दिसला की काका कान कोरायच्या कापूसकाडीवर स्पिरिट घेऊन एकेकाला गाठतात. चष्मा नाकावर, जीभ दातांत. ‘सरकारने आणलाय मेल्याला,’ असं पुटपुटत. कुठलं सरकार, हे स्पष्ट नसतं.

थोराच्या कुंडीने मात्र एकदा काकांची इभ्रत वाढवली. कोलकात्याची एक आजी कालसर्पासाठी आली होती. गुडघे दुखत असूनही ऊन खायला वर चढली, थोरापुढे आली आणि पदर डोक्यावर घेऊन चक्क वाकली. बंगालात सापांची देवी मनसा, आणि तिची पूजा थोराच्या झाडात करतात. आजीने थोरापुढे पाच रुपयांचं नाणं ठेवलं. काकांनी ते नाणं उचललं नाही, अजून कुंडीत आहे. थोरल्या बंधूंनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, ‘अशा अजून किती आहेत रे तुझ्याकडे?’

बंधूंचा हा प्रेमळपणा पितृपक्षापर्यंत टिकला.

स्टॅपेलिया हे आफ्रिकेच्या दक्षिणेकडचं झाड, आपल्या रुईच्या कुळातलं. काटे नाहीत, पान नाही, नुसती बोटाएवढी हिरवी खोडं. भाद्रपदात त्याला तळहातापेक्षा मोठी, पाच पाकळ्यांची चांदणी लागते, फिकट पिवळी, तांबड्या रेघांची, अंगावर केस. दिसायला मोहक. पण तिचं काम माश्यांशी असतं, आणि माश्यांना बोलवायला ती सडक्या मांसाचा वास सोडते. वास एवढा अस्सल की माश्या फुलावर अंडीसुद्धा घालून जातात.

काकांनी तीन वर्षं वाट पाहिली होती. कळी फुगली ती सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. पाऊस असल्यामुळे कुंडी जिन्याच्या पहिल्या वळणावर, म्हणजे खालच्या ओसरीच्या बरोबर वर. सर्वपित्रीला खाली सुरतेचे यजमान, सहकुटुंब. विधी झाला, पानं मांडली, खीर वाढली, आणि वास आला. वहिनींनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग कोठीच्या खोलीकडे. उंदीर मेला असणार. पोराला माळ्यावर चढवलं. कोठीतली पोती बाहेर आली. अडगळीतून पितळी समया, फुटका रेडिओ आणि काकांचं हरवलेलं सर्व्हिस बुक निघालं. उंदीर निघाला नाही. वास वाढत होता. यजमानांच्या आईने खीर बाजूला सारली. यजमान हात जोडून, दबक्या आवाजात म्हणाले, ‘गुरुजी, पितर संतुष्ट नाहीत का? अजून काही विधी करायचा असला तर सांगा.’ थोरले बंधू सरळ माणूस. उभ्या आयुष्यात कुणाला खोटा दोष सांगितला नाही. पण ते क्षणभर थांबले, हे पंक्तीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

त्याच क्षणी जिन्यावरून काटेकाका धावत खाली आले. डोळ्यांत पाणी, हातात कुंडी. ‘दादा, उमललं! घ्या, वास घ्या सगळ्यांनी!’

त्यानंतर दोघा भावांत दिवाळीपर्यंत बोलणं नव्हतं. फुलाचे सगळे फोटो मात्र बंधूंच्याच मोबाइलवर आहेत. काकांचा मोबाइल जुना, म्हणून सुरतेच्या यजमानांनी ते गुरुजींना पाठवले. यजमानांच्या धाकट्या मुलाला ते झाड फार आवडलं होतं.

एवढी परदेशी माणसं घरात भरलेल्या या गृहस्थाचा खरा जीव मात्र दुसरीकडेच आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. महाराष्ट्राची स्वतःची एक रसाळ खोडाची वनस्पती आहे, शिंदळ माकुडी. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांना धरून राहते. १८६५च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने तिला मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियरचं नाव दिलं, आणि काकांना त्याचा राग आजही ताजा आहे. ‘कडा शिवनेरीचा आणि नाव गव्हर्नराचं!’ ती दुर्मिळ. काकांनी कधी आणली नाही, कुणी देऊ केली तर हाकलून दिलं. तिच्याच गोतातलं एक कंदीलपुष्प आमच्या अंजनेरीवर सापडतं. २००६ साली अभ्यासकांनी त्याला अंजनेरीचंच नाव देऊन नवी जात म्हणून नोंदवलं. कंद जमिनीत, पाऊस पडला की गवतातून वर येणार, हिरवट छोटे कंदील लावणार आणि पाऊस सरला की अंतर्धान. ते पाहायला काका दर ऑगस्टात अंजनेरी चढतात. ज्या माणसाला घरच्या झाडांवर एक थेंब खपत नाही, तो भर पावसात, छत्री उलटी झालेली, गवतात गुडघे टेकून बसतो. हात मागे बांधलेले असतात. कुंडी नाही, चिमटा नाही, उपटणं तर दूरच. खाली येऊन काकूंना सांगतात, ‘आहे अजून.’ मग दोन दिवस शिंकतात.

काका झाडांची पिल्लं वाटतात, पण पिल्लू मिळवणं सोपं नाही. आधी घराची दिशा विचारतात, खिडकीला जाळी आहे का, घरात पाणी घालायची हौस कुणाला आहे. वरच्या बोळात भाड्याने राहणाऱ्या एका नव्या मास्तरीणबाईंनी एक पिल्लू मिळवलं. काका पंधरवड्याने चौकशीला गेले. आम्ही त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतो.

‘काय घातलंत याला?’

‘काही नाही हो. पाणीच.’

‘किती?’

‘थोडंसंच. रोज. बिचारं एकटं असतं म्हणून.’

काकांनी पिल्लू बोटाने दाबलं. बोट आत गेलं. त्यांनी रुमाल काढून बोट पुसलं, ‘चहा नको’ म्हणाले आणि उठले. मास्तरीणबाई दारापर्यंत आल्या. ‘काका, तुम्हीच तर म्हणाला होता ना, याला काही करावं लागत नाही?’

‘तेच तर तुम्हाला जमलं नाही,’ काका म्हणाले.

सध्या काकांना वेगळीच काळजी लागली आहे. २०२७चा सिंहस्थ. त्र्यंबकात घर असलेल्या माणसाला आपले नातेवाईक किती आहेत हे बारा वर्षांत एकदाच कळतं. २०१५ला खालचा मजला, जिना, ओसरी, सगळीकडे माणसं झोपली होती. गच्ची तेवढी शिल्लक होती. आता तिचं बुकिंग चालू आहे. परवा डोंबिवलीच्या चुलतभावाचा फोन आला. काका स्पीकर लावूनच बोलतात, कारण हात मोकळे लागतात.

‘गच्ची आहे ना रे तुझी? आम्ही आठ जण. गाद्या टाकू वर.’

‘वर गोल्डन बॅरल आहेत मोठे.’

‘मग काय, उत्तमच! अंघोळीच्या पाण्याची सोय झाली.’

काकांना पुढे बोलवेना. काकूंनी ओले हात पुसत फोन घेतला. ‘भावोजी, या, खुशाल या. फक्त पर्वण्या पावसाळ्यात आहेत, तेव्हा गच्चीवर कुणी नसतं, ते सगळे खाली हॉलमध्ये असतात. आधी त्यांची सोय लावावी लागते, मग माणसांची.’

‘कोण सगळे?’

‘चारशे आहेत.’

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग भावोजींनी अदबीने विचारलं, ‘वहिनी, कोणता आखाडा म्हणायचा हा?’